नवा कर्नेल आणि हरवलेली डिस्क



आपल्या शाळेत ‘कर्नल’ हा शब्द कानावर पडला की पाठ आपोआप ताठ होते. संगणकाच्या जगातही एक ‘कर्नेल’ असतो. उच्चार जवळजवळ तोच, पण स्पेलिंग वेगळे. त्याचा मूळ अर्थ बीमधला गर. लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड अशा प्रत्येक कार्यप्रणालीच्या पोटात हा गर असतो. लिनक्सचा कर्नेल अधूनमधून नव्या आवृत्तीने बदलावा लागतो. तो बदलल्यावर कधीकधी संगणक सुरूच होत नाही, किंवा सुरू होतो पण हार्ड डिस्क दिसत नाही. मग सगळे एका सुरात म्हणतात, ‘अपडेट केले म्हणूनच झाले.’

हे कधी खरे असते, कधी नसते. खरे की खोटे हे कसे ओळखायचे आणि ओळखेपर्यंत काय करायचे नाही, हे मी या लेखात सांगणार आहे. शाळा सोडून मला बरीच वर्षे झाली. सध्या मी छत्तीसगडमध्ये भिलाईजवळ हथखोजला एका लोखंडी बांधकामाच्या कारखान्यात काम करतो आणि तिथले पाच संगणक माझ्याकडे आहेत. त्यांतल्या एकाने जानेवारीतल्या एका शनिवारी मला जे शिकवले, तेच इथे लिहितो. आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती लहान रोमन अक्षरांत टंकावीत.

कर्नेल काय करतो?

तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा तो प्रोग्राम थेट डिस्कला हात लावत नाही. तो कर्नेलकडे अर्ज करतो. कर्नेल तो अर्ज फाइल-सिस्टिमकडे देतो. फाइल-सिस्टिम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही. तिथून अर्ज ब्लॉक-स्तराकडे जातो, म्हणजे वाचायच्या-लिहायच्या कामांची रांग लावणाऱ्याकडे. मग ड्रायव्हर, मग मदरबोर्डवरचा कंट्रोलर, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. डिस्कमधली तबकडी सामान्यपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०.

ही साखळी ध्यानात ठेवा. नोंदवही, रांग, ड्रायव्हर, कंट्रोलर, केबल, तबकडी. पहिल्या तीन कड्या कर्नेलच्या आहेत आणि अपडेटने त्याच बदलतात. उरलेल्या तीन लोखंड, तांबे आणि प्लॅस्टिकच्या आहेत. त्यांना अपडेट शिवतही नाही. पण पडद्यावर दोन्हींची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत उमटते: डिस्क सापडत नाही.

शनिवारची सकाळ

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई इस्पात कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या कारखान्याच्या आधाराने आजूबाजूला शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. हथखोजचे औद्योगिक क्षेत्र त्यांपैकीच एक. आमचे ऑफिस शेडला लागून आहे. भिंतीपलीकडे दिवसभर शिअरिंग मशीन प्लेटा कापते, ग्राइंडर फिरतात आणि टेबलावरचा चहा थरथरतो. संध्याकाळी बोटाने टेबल पुसले तर बोट काळे होते. ती नुसती धूळ नव्हे, तिच्यात लोखंडाची भुकटी असते.

त्या ऑफिसातल्या मुख्य संगणकात दोन डिस्का आहेत. लहान एसएसडीवर लिनक्स आहे. दोन टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर ड्रॉइंगे, मापांच्या नोंदी आणि प्रत्येक प्लेटच्या हीट नंबरसह असलेली टेस्ट सर्टिफिकेटे आहेत. हा संगणक पाच महिने एकदाही बंद झालेला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मी कर्नेलचे अपडेट केले आणि रात्री तो बंद करून घरी गेलो.

शनिवारी सकाळी साडेआठला ऑफिसातल्या मुलाचा फोन आला. “भैया, डिस्क नइ दिखत हे.”

मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर आणीबाणीची पाटी होती. लिनक्सने सुरू होताना हार्ड डिस्कची दीड मिनिट वाट पाहिली, ती आली नाही, आणि ‘दुरुस्तीसाठी पासवर्ड द्या’ असे म्हणून तो थांबला. सोमवारी ग्राहकाचा तपासणीस येणार होता. कागद दाखवल्याशिवाय माल पास होत नाही, ट्रक हलत नाही आणि बिलही निघत नाही. शेवटचा बॅकअप २३ दिवसांपूर्वीचा. सोमवारच्या मालाची सगळी सर्टिफिकेटे त्यानंतर चढवलेली. बॅकअप दर आठवड्याला घ्यायचा असा नियम मीच केला होता आणि मीच तो मोडला होता.

मुलाने तोवर मोबाइलवर उपाय शोधून ठेवला होता. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडून पडद्यावर आज्ञाही टंकली होती: ‘एफएससीके’, पुढे ‘वाय’ हा पर्याय, पुढे ‘एसडीबी-१’. फक्त एंटर दाबायचे बाकी होते. मी त्याचा हात धरला.

एंटर का दाबू दिले नाही?

एफएससीके ही फाइल-सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा आहे. ‘वाय’ म्हणजे तिच्या प्रत्येक प्रश्नाला आधीच ‘हो’ म्हणून ठेवणे. निरोगी डिस्कवरची नोंदवही बिघडली असेल तर ती उपयोगी पडते. पण डिस्क किंवा केबलच आजारी असेल तर वाचलेले आकडेच चुकीचे येतात, आणि ही आज्ञा त्या चुकीच्या आकड्यांच्या आधाराने डिस्कवर लिहायला लागते. बरोबर असलेल्या नोंदी खोडल्या जाण्याची भीती तिथेच असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर मी हीच आज्ञा, हाच ‘वाय’ लावून, मरणाऱ्या डिस्कवर चालवली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो ‘लॉस्ट-प्लस-फाउंड’ नावाच्या फोल्डरात निघाले. फाइलींची नावे गेली आणि नुसते क्रमांक उरले. त्यांतले कितीतरी अर्धे होते, वर वरात आणि खाली राखाडी पट्टा. ती डिस्क तशीच बाजूला ठेवली असती तर बहुतेक सगळे परत मिळाले असते.

दुसरे कारण आणखी वाईट होते. लिनक्समध्ये ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कांची कायमची नावे नाहीत. ज्या क्रमाने डिस्का सापडतात त्या क्रमाने ती मिळतात. एरवी आमची हार्ड डिस्क ‘एसडीबी’ असते. त्या सकाळी ती सापडलीच नव्हती, म्हणून ते नाव मिळाले होते बाहेरून जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कला! मुलगा आमच्या एकमेव जुन्या प्रतीवर दुरुस्ती चालवायला निघाला होता. प्रत निरोगी होती, त्यामुळे कदाचित काही बिघडलेही नसते. पण त्याच चुकीच्या नावावर फॉरमॅटची आज्ञा गेली असती तर?

म्हणून पहिले काम म्हणजे ओळखपरेड. ‘एलएसबीएलके’ या आज्ञेला डिस्कचे नाव, आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर दाखवायला सांगता येते. डिस्कच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तोच सिरियल नंबर छापलेला असतो. तो जुळल्याशिवाय कोणत्याही डिस्कवर काही लिहायचे नाही. रायफल हातात आली की काहीही करण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री आपण करतो, ‘रिकामीच असेल’ असे गृहीत धरत नाही. इथेही तेच.

आधी माल बाहेर, मग चौकशी

नवे कर्नेल बसवताना लिनक्स जुना कर्नेल लगेच पुसत नाही. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबले की ग्रब नावाची यादी उघडते. तिच्यातल्या प्रगत पर्यायांमध्ये जुना कर्नेल असतो. मी बॅकअपची डिस्क काढली, जुना कर्नेल निवडला, आणि हार्ड डिस्क दिसली!

ऑफिसात आनंद झाला. मुलगा म्हणाला, नवीन कर्नेलच खराब आहे, तो काढून टाकू. सेठजी दारातून म्हणाले, “चल गया ना? बस, अब छेड़ो मत.” दोघांचेही म्हणणे सोयीचे होते. पण डिस्क आत्ता दिसते आहे, पुढच्या वेळी दिसेलच असे नाही. म्हणून दिसते आहे तोवर माल बाहेर काढायचा असे मी ठरवले.

डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडली. इथे एक खुबी आहे. ‘एक्स्ट-४’ ही लिनक्सची नेहमीची फाइल-सिस्टिम. ती ‘फक्त वाचा’ म्हणून जोडली तरी आधीची अर्धवट कामे पुरी करण्यासाठी आपल्या जर्नलमधल्या नोंदी डिस्कवर लिहिते. ते टाळायचे असेल तर जोडताना ‘आरओ’ बरोबर ‘नोलोड’ हाही पर्याय द्यावा लागतो. तो दिला. सगळ्यात नवे फोल्डर आधी घेतले, म्हणजे सोमवारच्या मालाची सर्टिफिकेटे आणि त्या २३ दिवसांतले बाकीचे काम. ते दुसऱ्या नव्या डिस्कवर उतरवले आणि दहा-बारा फाइली उघडून पाहिल्या. मग बाकीचे जुने काम. मध्ये दोनदा नक्कल अर्धा मिनिट थबकली आणि पुन्हा सुरू झाली. तेवढे वहीत लिहून ठेवले.

नक्कल होत असताना डिस्कची प्रकृती विचारली. डिस्क स्वतःबद्दलच्या काही नोंदी ठेवते. त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने त्या दिसतात. त्यांतल्या तीन नोंदी नवशिक्यालाही वाचता आल्या पाहिजेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालासाठी ताटकळलेले सेक्टर. हे दोन आकडे वाढत असतील तर तबकडी आजारी आहे. क्रमांक १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यात जाता-येता बिघडलेल्या निरोपांची मोजणी. ती वाढत असेल तर बहुधा दोष तबकडीत नसतो, वाटेत असतो. आमच्या डिस्कवर पहिले दोन शून्य होते. १९९ हजाराच्या पुढे होता.

एकदा नव्हे, दोनदा

माल सुरक्षित झाला. आता चौकशीला मोकळीक होती. मी वहीत दोन रकाने आखले आणि चाचणी पुन्हा केली. दर वेळी संगणक पूर्ण बंद करून सुरू केला आणि दर वेळी एकच गोष्ट बदलली, कर्नेल. निकाल असे आले.

पहिली वेळ, नवा कर्नेल: डिस्क नाही.
दुसरी वेळ, जुना कर्नेल: डिस्क आहे.
तिसरी वेळ, नवा कर्नेल: डिस्क आहे!
चौथी वेळ, जुना कर्नेल: डिस्क नाही!

दुसऱ्या वेळेनंतर थांबलो असतो तर नव्या कर्नेलवर खटला भरून मोकळा झालो असतो. जुना कर्नेल ठेवला असता, एक-दोन दिवस चाललाही असता, आणि ऐन सोमवारी तपासणिसासमोर डिस्क पुन्हा गेली असती. दोष कधी येतो, कधी जातो, असे असेल तर एका चाचणीचा निकाल नाणेफेकीसारखा असतो.

एक इशारा देतो. डिस्कमधून टक्-टक् असा ठोका किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर असे पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. ती तशीच बंद करावी. माल मोलाचा असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. आमची डिस्क सुरळीत फिरत होती आणि नक्कल हातात होती, म्हणूनच मी चौथ्या वेळेपर्यंत गेलो.

मग साक्षीदार बोलावला. कर्नेल सुरू झाल्यापासूनची दैनंदिनी ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसते. आधीच्या दिवसांची ‘जर्नलसीटीएल’ने दिसते. नक्कल थबकली त्या वेळेच्या ओळींत लिहिले होते की वाचण्याची आज्ञा फसली, दुवा तुटला, दुवा पुन्हा जोडला, वेग कमी केला. मी मागे मागे गेलो. तशाच ओळी गुरुवारी होत्या. बुधवारी होत्या. अपडेटच्या तीन आठवडे आधीपासून होत्या.

निकाल लागला. जो दोष अपडेटच्या तीन आठवडे आधीपासून नोंदलेला आहे, तो अपडेटमुळे झालेला असू शकत नाही.

कॅबिनेट उघडले. हार्ड डिस्कची डेटा केबल बिनक्लिपची होती. बोट लावताच ती हलली. शेजारच्या मशीनच्या कंपाने ती पाच महिन्यांत थोडी थोडी सरकली असणार, आणि कनेक्टरवर काळी भुकटी बसली होती. वीज काढून सफाई केली, धातूची क्लिप असलेली नवी केबल बसवली, आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. नव्या कर्नेलवर दोन्ही डिस्का दिसल्या. १९९ चा आकडा कमी होत नाही, तो जन्माचा हिशोब आहे. पण त्या दिवसानंतर तो वाढलेला नाही.

मग अपडेटनंतरच का दिसले?

चालू संगणकात दुवा क्षणभर तुटला तर कर्नेल तो मुकाट्याने पुन्हा जोडतो, वेग कमी करून पाहतो आणि काम पुढे ढकलतो. माणसाला फक्त ‘आज जरा हळू चालतोय’ एवढेच जाणवते. सुरू होताना मात्र डिस्कने ठराविक वेळात ‘हजर’ म्हणायचे असते. त्याच वेळी तबकडी थांबल्या अवस्थेतून वेग घेते, म्हणजे विजेचा सगळ्यात मोठा घोट लागतो. केबल, वीजपुरवठा, जुनी मोटर, सगळ्यांची परीक्षा सुरू होण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात असते. महिनोन्महिने चालू असलेल्या यंत्राला ही परीक्षा द्यावीच लागत नाही. कर्नेलचे अपडेट मात्र यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून परीक्षा नेमकी अपडेटनंतर येते.

नवे कर्नलसाहेब आले आणि पहिल्याच परेडला कुणाचे बटण तुटून पडले, तर ते कर्नलसाहेबांनी तोडलेले नसते. धागा आधीच झिजलेला असतो. परेडमुळे तो दिसला, इतकेच.

कर्नेल खरोखर दोषी असतो तेव्हा

याचा अर्थ कर्नेल नेहमी निर्दोष असतो असा नाही. त्याच्या बाजूचे दोष साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला, नाव बदलणे. पूर्वी जुन्या पद्धतीच्या डिस्कांना लिनक्स ‘एचडीए’ म्हणत असे. २००७ च्या सुमारास नवे ड्रायव्हर आले आणि त्याच डिस्का ‘एसडीए’ झाल्या. ज्यांनी सेटिंगांत जुने नाव लिहून ठेवले होते, त्यांचे संगणक अपडेटनंतर अडले. डिस्क तिथेच होती, फक्त हाक चुकीची मारली जात होती. यावरचा इलाज म्हणजे ‘यूयूआयडी’. तो प्रत्येक फाइल-सिस्टिमचा लांबलचक, न बदलणारा क्रमांक असतो. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने तो कळतो आणि ‘एफएसटॅब’ या फाइलीत नावाऐवजी तोच लिहावा. सुरू होण्यासाठी जी डिस्क आवश्यक नाही तिच्यापुढे ‘नोफेल’ हा शब्दही लिहावा. मग ती नसली तरी संगणक आणीबाणीत न जाता सुरू होतो. आमच्या फाइलीत तो नव्हता. आता आहे.

दुसरा, शिदोरी अपुरी. कर्नेल सुरू होताना ‘इनिटरॅमएफएस’ नावाची एक छोटी शिदोरी सोबत घेतो. मुख्य डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. अपडेटच्या वेळी ‘बूट’ विभागात जागा उरली नसेल तर ही शिदोरी अर्धवट बांधली जाते. मग मूळ फाइल-सिस्टिम जोडता येत नाही, अशी ओळ ‘शून्य, शून्य’ या आकड्यांसह दाखवून कर्नेल थांबतो. जुन्या कर्नेलने आत जावे, जागा करावी आणि शिदोरी पुन्हा बांधावी. डेबियन घराण्यात ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, फेडोरा घराण्यात ‘ड्रॅकट’.

तिसरा, वीजबचत. नवे कर्नेल कधीकधी डिस्कचा दुवा रिकाम्या वेळात झोपवायला लागतात. २०१८ मध्ये फेडोरा २८ ने लॅपटॉपवर अशी बचत आपणहून सुरू केली. बहुतेक डिस्कांना ती मानवते, काहींना झोपेतून उठता येत नाही. असे असेल तर नव्या कर्नेलवर डिस्क दर वेळी त्रास देते आणि जुन्यावर कधीच देत नाही. वहीतले रकाने असे स्वच्छ वेगळे पडले की समजावे, दोष याच बाजूला आहे.

चौथा आणि सगळ्यात भयंकर, खरी चूक. २०१८ च्या शेवटी ४.१९ या कर्नेलवर काही लोकांच्या फाइली बिघडू लागल्या. सगळ्यांचा पहिला संशय एक्स्ट-४ वर गेला, कारण तक्रारीच्या ओळी तिच्याच नावाने येत होत्या. काहींना वाटले आपली डिस्कच गेली. शेवटी चूक सापडली ती खालच्या कडीत, कामांची रांग लावणाऱ्या ब्लॉक-स्तरात, आणि डिसेंबरमध्ये ४.१९.८ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्या चाचणी-आवृत्तीत स्वॅप फाइल चुकीच्या जागी लिहिली जात असल्याचे कळले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावापुढेच ‘वापरू नका’ असे जोडले. डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्ट-४ शी संबंधित चुकीमुळे डेबियनने १२.३ ही आवृत्ती रोखली आणि दुरुस्तीसह १२.४ दिली.

अशी चूक शोधतात कशी? एका आवृत्तीतून दुसरीत जाताना कर्नेलमध्ये दहा हजारांहून जास्त बदल होतात. एकेक तपासायला आयुष्य जाईल. म्हणून यादी मधोमध तोडतात आणि मधला कर्नेल चालवून पाहतात. बिघडला तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्यात. तो अर्धा पुन्हा अर्धा करायचा. २ चा १४ वा घात १६,३८४ होतो, म्हणजे चौदा चाचण्यांत सोळा हजारांतला एक दोषी सापडतो. गणिताच्या तासाला ‘याचा उपयोग काय’ असे मीही विचारत असे, म्हणून मुद्दाम सांगितले. अट एकच, प्रत्येक चाचणीचा निकाल भरवशाचा हवा. येतो-जातो अशा दोषात एकच निकाल चुकला तरी पुढची सगळी वाट चुकते.

वहीत उतरवून घ्या

१. घाबरून काही लिहू नका. दुरुस्तीची, फॉरमॅटची, ‘वाय’ची आज्ञा नाही. एफएससीके चालवायचीच असेल तर आधी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे नुसते पाहण्यासाठी, आणि डिस्क जोडलेली नसताना.

२. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा लिहून घ्या किंवा फोटो काढा. ‘काहीतरी एरर आली’ हा रिपोर्ट नव्हे.

३. सिरियल नंबर जुळवून डिस्क ओळखा.

४. जुन्या कर्नेलने सुरू करून पाहा. डिस्क दिसली तर आधी माल बाहेर काढा, सगळ्यात नवा आणि सगळ्यात मोलाचा आधी. तबकडी आजारी असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर करा.

५. स्मार्टचे ५, १९७ आणि १९९ हे आकडे लिहा. अपडेटच्या आधीच्या दिवसांची दैनंदिनी वाचा.

६. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चाचणी किमान दोनदा करा.

७. केबल काढून पुन्हा बसवा, जमल्यास बदला. सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात शेवटी आठवतो.

अपडेटच्या आधीची शिस्त याहून सोपी आहे. बॅकअप ताजा करा. ‘बूट’ विभागात जागा आहे का पाहा. नवे काही बसवण्यापूर्वी संगणक एकदा तसाच पूर्ण बंद करून सुरू करा. शेवटचे मी त्या शनिवारनंतर शिकलो. जुन्या कर्नेलवरच अडखळला तर अपडेटला दोष लागत नाही. आणि संगणक अनेक असतील तर सगळे एकाच दिवशी बदलू नका.

पालकांसाठी दोन शब्द. तुमच्या घरी लिनक्स नसेलही, पण फोटो आणि कागदपत्रे आहेत. बॅकअपचा जुना नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एकाच डिस्कवरच्या दोन फोल्डरांना दोन प्रती म्हणत नाहीत.

छात्रांनो, तुमच्यातले काही पुढे अशाच यंत्रांसमोर बसतील. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स कार्यप्रणाली तयार केली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारलेली ‘माया’ कार्यप्रणाली आपल्या संगणकांवर आणण्याचे ठरवले. तिथे अडकलेली फाइल कदाचित नुसती टेस्ट सर्टिफिकेटे नसतील, आणि मागे उभे असलेले वरिष्ठ ‘चल गया ना? बस’ असेही म्हणतील. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच, हे अपडेटनंतर घडले की अपडेटमुळे घडले? उत्तर नोंदींत असते. ते सापडेपर्यंत एंटरवरचे बोट उचलून ठेवायचे.

आमचा सोमवार नीट पार पडला. सर्टिफिकेटे दाखवली, माल पास झाला, दुपारी ट्रक हलला. त्या मुलाने आपणहून एक काम अंगावर घेतले. आता दर शनिवारी सकाळी तो बॅकअप घेतो, १९९ चा आकडा वहीत लिहितो आणि खाली सही करतो. मागच्या आठवड्यात त्याने वही मला दाखवली. आकडा तोच होता.